सिनेमात बरे झालेले साळवे काका

साळवे काकांना सिनेमात बरं व्हायला एका गाण्याएवढा वेळ लागला. दवाखान्यात मी कितीतरी वर्षं त्यांच्यामागं होते, आणि ते बरे काही झाले नव्हते. चालत होते, जेवत होते, बायकोशी भांडत होते. आमच्या खात्यात यालाच यश म्हणतात.

मी फिजिओथेरपिस्ट. संभाजीनगरात जालना रोडवरच्या एका मेंदूविकारांच्या दवाखान्यात सगळी नोकरी झाली, आता निवृत्त आहे. लग्नकार्यात कुणी माझी ओळख करून दिली, की समोरचा माणूस ताबडतोब पाठ पुढं करतो आणि म्हणतो, "जरा इथं दाबून बघता का?" लोकांना वाटतं आम्ही मालिश करतो. प्रत्यक्षात पक्षाघातानं, कंपवातानं किंवा डोक्याला मार लागून ज्यांचं अंग त्यांचं ऐकेनासं झालेलं असतं, त्यांना उठायला, कुशीवर वळायला, घास तोंडापर्यंत न्यायला पुन्हा शिकवणं हे आमचं काम. डॉक्टर औषध देतात. त्या औषधानं अंग जेवढं मोकळं होईल, तेवढ्यातून माणूस उभा करायचा. हे सगळं फार सावकाश चालतं. इतकं सावकाश, की त्यावर सिनेमा निघत नाही. एकदा निघाला, त्याची ही हकीकत.

साळवे काका कन्नड गावचे. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांना कंपवात झाला, म्हणजे ज्याला डॉक्टर पार्किन्सन्स म्हणतात तो. उजवा हात थरथरायचा, पण त्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. त्यांना छळायचे ते पाय. चालता चालता, त्यातही दारात किंवा अरुंद जागी, त्यांचे पाय एकदम जमिनीला चिकटून बसत. वरचं अंग पुढं निघालेलं आणि पाय मागंच. बघणाऱ्याला वाटावं, माणूस काहीतरी विसरलाय आणि आठवतोय.

हे का होतं ते सांगते. चालताना आपण विचार करत नाही. मेंदूत चालण्याची एक आपोआपची सोय असते. कंपवातात ती अडखळते. पण मेंदूकडं दुसरा, जरा वळणाचा रस्ताही असतो. समोर रेघ दिसली, ठेका ऐकू आला, तर काही जणांचं पाऊल त्या रस्त्यानं निघतं. म्हणून आमच्या व्यायामाच्या खोलीत फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या असत. काकांवर त्या पट्ट्यांचा काडीचा परिणाम होत नसे. "मॅडम," ते म्हणत, "ह्या पट्ट्या बघून मला शाळेतली लंगडी आठवायली. पाय उचलायचा सोडून हसूच येतंय."

एकदा ते माझ्या खोलीच्या दारातच अडकले. मागं एक व्हीलचेअर, तिच्यामागं चहावाला, सगळे खोळंबले. काकांच्या पत्नी कौसाकाकू मागून वैतागून म्हणाल्या, "टिंग टिंग. आता तरी हला."

आणि काका हलले. नुसते हलले नाहीत, ऐटीत आत आले.

एसटीत कंडक्टरनं दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की सुटते. ती डबल बेल काकांच्या हाडात मुरली होती. काकूंनी त्याच आठवड्यात सायकलची घंटी विकत घेतली आणि ती पर्समध्ये, पानसुपारीच्या चंचीशेजारी ठेवून दिली. रोज ती लागू पडायची असं नाही. गोळीची वेळ चुकली, झोप नीट झाली नाही, की घंटी वाजवून उपयोग नसे. पण लागू पडली, की माझं हातातलं काम बाजूला राहायचं आणि मी बघत बसायचे.

अशात सिनेमावाले आले.

दिग्दर्शकाचं नाव सुमेध. आपल्याच शहरात नाटकं करून मुंबईला गेलेला, नम्र, हुशार पोरगा. आमच्या दवाखान्याची जुनी इमारत नूतनीकरणासाठी रिकामी केली होती, ती त्याला शूटिंगला मिळाली. तांत्रिक गोष्टी समजून घ्यायला तो माझ्याकडं आला आणि त्यानं गोष्ट सांगितली. एक तरुण डॉक्टर असतो. वर्षानुवर्षं खाटेला खिळलेल्या रुग्णांसाठी तो एक यंत्र शोधतो. ते डोक्यावर ठेवलं की निळा उजेड पडतो आणि माणूस जागा होतो. वरिष्ठ डॉक्टर विरोध करतात, म्हणून हा कुणाला न सांगता सगळ्या वॉर्डवर प्रयोग करतो. सगळे उठून चालायला लागतात. वरिष्ठ रडतात.

"रुग्णांना विचारतो का तो?" मी म्हटलं.

"काय विचारतो?"

"प्रयोग करू का म्हणून."

"मॅडम, तो हिरो आहे," सुमेध म्हणाला.

मग मी त्याला खरे प्रयोग कसे होतात ते सांगितलं. आधी रुग्णाला सगळे धोके समजावून त्याची सही घ्यायची. मग निम्म्यांना खरा उपचार आणि निम्म्यांना दिसायला तसाच पण खोटा, आणि कुणाला काय मिळालंय हे रुग्णालाही ठाऊक नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. मग कितीतरी महिने मोजमाप. आणि बहुतेक वेळा शेवटी निष्कर्ष असा, की आणखी अभ्यास व्हायला हवा. कंपवातात मेंदूत तारा घालून छातीत बॅटरी बसवायची शस्त्रक्रिया खरोखरच होते, ठरावीक रुग्णांना तिचा चांगला फायदाही होतो, पण तीसुद्धा आजार पुसून टाकत नाही आणि गोळ्याही बहुधा सुटत नाहीत.

सुमेधनं सगळं मन लावून ऐकलं. मग म्हणाला, "पटलं मॅडम. पण यात इंटरव्हल कुठं घेऊ?"

आमच्या धंद्याला इंटरव्हल नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

रुग्णाची मुख्य भूमिका करणारा नट थरथर शिकायला आमच्याकडं येऊन बसायचा. मोठ्या मनाचा माणूस होता. त्यानं पहिल्याच दिवशी पूर्ण अंग असं हलवलं की शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांनी त्याला पाणी प्यायला दिलं. साळवे काकांनी त्याला हाताशी धरलं. "असं नाय," ते म्हणाले, "तंबाखू मळल्यावाणी करा. अंगठा आन् बोट, तेवढंच. आन् कप उचलला की थांबायचं."

"थांबायचं?"

"माझा हात निवांत बसला की थरथरतो. कामाला लावला की गप. ड्यूटीवर आल्यावाणी."

सगळ्यांचं असंच असतं असं नाही, पण काकांचं अगदी बरोबर होतं. सुमेधला मात्र ते पटेना. पडद्यावर कप हललाच नाही तर आजार दिसणार कसा, असं त्याचं म्हणणं. शेवटी सिनेमात कप हलला, चहा सांडला आणि नटाला कुठलंसं बक्षीस मिळालं. काका त्यावर एवढंच म्हणाले, की आपण शिकवलेलं पोरगं पहिल्या नंबरानं पास झालं, चुकीचं उत्तर लिहून.

यंत्राचीही गंमत होती. ब्यूटी पार्लरमध्ये केसांना वाफ द्यायचं जे टोपडं असतं, ते आणून त्याला चंदेरी रंग दिला होता आणि आतून गुलमंडीच्या बाजारातल्या, दिवाळीच्या निळ्या दिव्यांच्या माळा लावल्या होत्या. दिसायला झकास. उपचाराच्या प्रसंगासाठी सुमेधला वॉर्डभर रुग्ण हवे होते. बाकीचे नाटकवाले होते. काकांनी स्वतःहून विचारलं, "आमी बसलो तर चालंल का?" डॉक्टरांनी परवानगी दिली, मी शेजारी उभी राहीन या अटीवर.

प्रसंग असा होता. डॉक्टर एकेकाच्या डोक्यावर टोपडं ठेवतो. मग औषधांच्या पाकिटांचा ढीग उचलून खिडकीबाहेर फेकतो. "आता यांची गरज नाही," असं म्हणतो. मग संगीत वाढतं आणि रुग्ण एकामागून एक उठून दाराकडं चालू लागतात.

सुमेध म्हणाला, "ऍक्शन."

सगळे उठले. काका उभे राहिले आणि तिथंच राहिले.

पुन्हा एकदा घेतलं. पुन्हा तेच. नाटकवाले रुग्ण दारापर्यंत जाऊन परत खाटेवर येत होते आणि काका खाटेपाशी खांबासारखे. त्यांच्या कपाळावर घाम आला. "साहेब," ते म्हणाले, "तुमच्या ऍक्शनला माझा पाय वळखत नाय."

सुमेध त्यांना बसून राहा म्हणणार होता, तेवढ्यात कॅमेऱ्यामागून काकूंचा आवाज आला. "मी वाजवू का?"

आवाजाची नोंद करणाऱ्या माणसानं होकाराची मान हलवली, इथं नाहीतरी वरून संगीतच टाकायचं होतं. तिसऱ्यांदा ऍक्शन झाल्यावर काकूंनी पर्समधून घंटी काढून डबल बेल दिली. आणि काका निघाले. दोन्ही बाजूंच्या खाटांमधून, चालत्या गाडीत गर्दीतून वाट काढावी तसे, एक हात वर, जणू वरचा दांडा धरलाय. चेहऱ्यावर नोकरीतला रुबाब. दारापाशी पोचल्यावर त्यांनी मागं वळून पाहिलं, सगळे चढले ना, अशा नजरेनं. सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या. सुमेधच्या डोळ्यांत पाणी होतं. तो मला म्हणाला, "मॅडम, सिनेमाचा शेवट मिळाला."

तसंच झालं. सिनेमाच्या शेवटी काकांचा चेहरा पडदाभर दिसतो, मग त्यांची चाल, मग उजेडानं भरलेलं दार. थिएटरमध्ये काकूंच्या शेजारी बसून मी तो पाहिला. काकूंची घंटी गेली होती, तिच्या जागी बासरी होती. काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "मॅडम, माझं काम कापलं."

सिनेमा बरा चालला आणि उतरला. खरी गडबड नंतर झाली. कुणीतरी काकांच्या चालण्याचा तेवढाच तुकडा मोबाइलवर सोडला, आणि खाली लिहिलं की कंपवातावर आता गोळ्या नकोत, संभाजीनगरात यंत्र निघालंय. सिनेमाचं नाव कुठंच नव्हतं. आमच्या दवाखान्याची जुनी पाटी मात्र कोपऱ्यात स्पष्ट दिसत होती.

लोक टोपडं विचारत येऊ लागले. एका गृहस्थानं ते घरपोच भाड्यानं मिळेल का असं विचारलं. एक बाई म्हणाल्या, आमच्यांच्या घोरण्यावर चालेल का. एका आजोबांनी निळ्याऐवजी हिरवा उजेड नाही का, निळ्यानं त्यांना सर्दी होते, अशी चौकशी केली. आमच्या स्वागतकक्षातली मुलगी सुरुवातीला प्रत्येकाला सविस्तर समजावायची. नंतर ती नुसती "ते पार्लरमधलं आहे" एवढंच सांगू लागली, त्यामुळं काही लोक पार्लर कुठलं ते विचारू लागले.

तिकडं कन्नडला काका मोठे झाले. बाजाराच्या दिवशी लोक त्यांना बोलावून बाकड्यावर बसवत, फोटो काढत. ते खोटं काही बोलत नसत. कुणी विचारलं, "एकदम बरे झालात ना?" की नुसते हसत. गोळीचा अंमल चांगला असेल तेवढ्याच वेळेत बाहेर पडत, मोकळ्या जागेतून चालत, आणि पाय दगा देतील असं वाटलं की आधीच कुठंतरी बसून घेत. काकूंना घंटी पर्सबाहेर काढायची बंदी होती. "घरी मी बेल मारायची," काकू मला म्हणाल्या, "आन् चौकात हे हिरो." पण तक्रार करतानाही त्या हसत होत्या. आजारपणानं जो माणूस घरात कोंडला होता, तो पुन्हा चारचौघांत बसत होता. मला त्यात मोडता घालावासा वाटला नाही.

मग एका सकाळी विलासचा फोन आला. विलास चिकलठाण्याला एका कारखान्यात नोकरीला. गंगापूरजवळच्या एका गावात त्यांची शेती, आणि त्याची आई शकुंतलाबाई आमची जुनी रुग्ण. त्यांनाही कंपवात. "मॅडम, आई खाटेवरून उठेना," तो म्हणाला. "अंग लाकडासारखं झालंय. बोलणं कळत नाही. पाणी पितानासुद्धा ठसका लागतोय." सुनेनं घर शोधलं तेव्हा शिलाई मशीनच्या खणात गोळ्या सापडल्या होत्या. काकांची ती क्लिप पाहिल्यापासून शकुंतलाबाई हळूहळू गोळ्या लपवायला लागल्या होत्या, आणि मग सगळ्याच बंद केल्या होत्या.

या गोळ्या अशा अचानक सोडणं फार धोक्याचं असतं. अंग आखडतं, ताप चढतो, जिवावर बेतू शकतं. मी फोन तसाच डॉक्टरांकडं दिला. त्यांनी विलासला सांगितलं, आजच्या आज घेऊन या, वाट बघू नका. विलास म्हणाला, आई गाडीत बसायला तयार नाही. त्या कंडक्टरला यंत्रानं बरं केलं आणि मला मात्र गोळ्याच, कारण मी खेड्यातली, असं तिचं म्हणणं आहे. उचलून न्यायला गेलो तर दोन्ही हातांनी खाट धरते. एकच म्हणते, त्या माणसाला आणा, त्यानं माझ्यासमोर सांगावं.

मी काकांना फोन केला. सगळं सांगितलं.

"तिथं लई लोक असतील का, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"असतील बहुतेक."

"आन् दार?"

"दार तर असणारच, काका."

"बरं," ते म्हणाले. "कौसाला म्हणावं लागंल चप्पल घाल."

ते दोघं कन्नडहून आले, विलासनं आम्हाला गाडीत घेतलं आणि आम्ही निघालो. वाटेत काकांचा हात मांडीवर तंबाखू मळत होता.

गावात बातमी आधीच पोचली होती. अंगणात बायामाणसं जमलेली, मोबाइल सरसावलेले. सिनेमातला माणूस येणार होता. गाडीतून उतरून अंगण ओलांडेपर्यंत काका चांगले चालले, कुणीतरी टाळीही वाजवली. पुढं दार. जाड लाकडी उंबरठा. आतल्या खोलीत समोरच खाटेवर शकुंतलाबाई उशीला टेकून बसलेल्या, मान एका बाजूला, नजर दारावर.

उंबरठ्यापाशी काकांचे पाय थांबले.

मी त्यांच्या डाव्या बाजूला होते. काकूंचा हात पर्समध्ये गेलेला मी पाहिला. काकांनीही पाहिला.

"राहू दे," ते म्हणाले.

"अहो, पण..."

"राहू दे, कौसा. बघू दे त्यांना."

आणि ते तसेच उभे राहिले. अंग पुढं झुकलेलं, टाचा उचललेल्या, गुडघे थरथरतायत, आणि पाय जागचे हलत नाहीत. मी पडण्याच्या भीतीनं त्यांच्या पाठीशी हात धरला होता. मोबाइल धरलेले हात हळूहळू खाली आले. जी गोष्ट या माणसानं आपल्या गावापासून इतके दिवस लपवली होती, ती परक्या गावाच्या अंगणात तो सगळ्यांना निवांत बघू देत होता.

"मावशी," काका दारातूनच म्हणाले, "हे बघा तुमचे हिरो. यंत्रबिंत्र काय नाय. ते पार्लरचं टोपडं व्हतं. डोक्याला लई गरम झालं, बाकी काय झालं नाय. मी सकाळच्या गोळ्या खाल्ल्यात म्हणून इथवर आलो. नसत्या खाल्ल्या, तर तुमच्यावाणीच पडलो असतो."

शकुंतलाबाईंचे ओठ हलले. आवाज इतका बारीक होता, की सून मनीषा कान त्यांच्या तोंडाशी नेऊन ऐकायला लागली. तिचा चेहरा बदलला. ती आमच्याकडं वळून म्हणाली, "आत्याबाई म्हणतात, माझंबी दारात असंच होतं."

घरातल्या कुणाला हे माहीत नव्हतं. शकुंतलाबाई पुढच्या खोलीत येत नाहीत, पाहुणे आले तरी येत नाहीत, म्हणून घरचे त्यांना हट्टी समजत होते. त्या दारापर्यंत येत आणि पाय अडकले की कुणी बघायच्या आत भिंतीला धरून मागं फिरत. कुणी म्हणेल बाहेरचं काही लागलंय, या भीतीनं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तपासणीला आल्या की त्यांना चाकाच्या खुर्चीवरून आत आणत, त्यामुळं आम्हालाही कधी दिसलं नव्हतं.

"व्हय का?" काका म्हणाले. "मग तुमाला कळंल. मला आत यायचंय, पाय येत नायत."

शकुंतलाबाईंचा चेहरा कंपवातानं ताठ झालेला होता, त्यावर हसू उमटायला वेळ लागतो. पण उमटलं. मनीषानं पुन्हा कान दिला. "म्हणतात, घाई नाही. चहा टाकते तोवर उभे राहा."

त्यावर अंगणात सगळे हसले आणि काकाही हसले. मग त्यांनी काकूंकडं मान वळवून म्हटलं, "आता मार." काकूंनी सगळ्या गावासमोर घंटी वाजवली, काका उंबरठा ओलांडून आत गेले आणि खाटेच्या कडेला बसले. चहा काही कुणी टाकला नाही. विलासनं गाडी दाराशी आणली, आणि शकुंतलाबाईंनी खाट सोडली. अट एकच घातली, की कंडक्टरनं शेजारी बसावं.

गाडीत मला त्या अटीचं कारण कळलं. शकुंतलाबाईंनी काकांना केव्हाच ओळखलं होतं. फार वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या शेतापाशी गाडी थांबवायला सांगितली होती आणि कंडक्टरनं थांबवली नव्हती. डोक्यावर ओझं घेऊन त्या पुढच्या गावाहून चालत परत आल्या होत्या. ते त्यांना आता, पुटपुटत का होईना, त्याला ऐकवायचं होतं.

"तिथं थांबा नव्हता, मावशी," काका म्हणाले.

त्या काहीतरी म्हणाल्या.

"म्हणतात, माणूस उभा असेल तो थांबा," मनीषानं सांगितलं.

"तसं केलं असतं तर गाडी गंगापूरला पोचलीच नसती."

हे भांडण दवाखान्याच्या फाटकापर्यंत चाललं. मी त्यांना थांबवलं नाही. बोलण्यात त्यांचं लक्ष होतं आणि विलासला गाडी जोरात हाणता येत होती.

शकुंतलाबाईंना भरती केलं. डॉक्टरांनी ताप, पाणी, गिळणं सगळं सांभाळत गोळ्या पुन्हा बसवल्या. पहिले काही दिवस काळजीचे होते. मग मान सरळ झाली, आवाज परत आला, आणि आमच्या मजल्यावरच्या सिस्टरांना कळलं की त्या आवाजात किती ताकद होती. त्या आधी होत्या तेवढ्या परत आल्या नाहीत, थोडं मागंच राहिलं. आमच्या कामात जे गेलं त्याचा हिशेब कुणी विचारत नाही, म्हणून आम्हीही मांडत नाही. पण मनात राहतो.

काकांनी नंतर स्वतःचा एक व्हिडिओ काढला. काकूंनी मोबाइल धरला, काका स्वयंपाकघराच्या दारात अडकून उभे, आणि गोळ्या सोडू नका असं सांगतायत. तो पहिल्या क्लिपच्या मानानं फारच थोड्या लोकांनी पाहिला. सुमेधचाही मला फोन आला. त्याला हे कुठून तरी कळलं होतं. तो बराच वेळ बोलला, बिचारा खरोखर हलला होता. मोबाइलवर दिसणाऱ्या सिनेमाच्या सुरुवातीला त्यानं दोन ओळी घालून घेतल्या, की यातलं यंत्र काल्पनिक आहे. आता तो मला मधूनमधून विचारतो, की तुमच्या खऱ्या कामावर काही करता येईल का. मी त्याला म्हणते, येऊन बस एखादा महिना, आणि इंटरव्हल सापडला तर मला सांग.

शकुंतलाबाईंचे पाय सोडवायला मात्र मला बराच शोध घ्यावा लागला. घंटीनं त्यांचं डोकं उठायचं. विलासनं घरात फरशीवर पट्ट्या चिकटवल्या, त्या त्यांनी दुसऱ्या दिवशी काढून टाकायला लावल्या, घराची शाळा झाली म्हणून. गाणं, टाळी, मोजणं, सगळं करून पाहिलं. काही दिवस काही चाललं, मग नाही.

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी त्या तपासणीला आल्या होत्या. या वेळी खुर्ची नको म्हणाल्या आणि मनीषाचा हात धरून चालत आल्या. माझ्या दारात अडकल्या. मी उठणार तेवढ्यात मनीषानं मला हातानं बसा म्हणून खुणावलं. ती त्यांच्या कानाशी वाकून सहज म्हणाली, "आत्याबाई, तुमची लोणच्याची मोठी बरणी मी शेजारी देऊन टाकली."

"कुणाला इचारून?" शकुंतलाबाई म्हणाल्या आणि ताडताड आत आल्या. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसून त्यांनी सुनेचं माहेर, सुनेची आई आणि आजकालच्या पोरींचं लोणचं, सगळ्यांचा समाचार घेतला. मनीषा शेजारी बसून शांतपणे पिशवीतून त्यांच्या दुपारच्या गोळ्या काढत होती. त्या पाण्याचा घोट घ्यायला थांबल्या, तेव्हा ती माझ्याकडं झुकून हळूच म्हणाली, "बरणी घरीच आहे. जाताना दारात काय सांगावं, तेवढं सुचवा."